एक्स-रे लेझरवरच्या पाच रात्री आणि दहा मिली सॅम्पल

सगळ्यात आधी सांगून टाकतो, एक्स-रे लेझर दिसत नाही. मला घरचे, मित्र सगळे विचारतात कसा दिसतो रे, निळा की लाल. काही नाही दिसत. पाच रात्रींत मला स्वतःच्या डोळ्यांनी, तेही कॅमेऱ्यातून, दिसलं ते एवढंच, की बीम कुठे पडतोय ते बघायला मध्ये एक पातळ स्फटिकाची चकती सरकवतात, त्यावर एक्स-रे पडले की ती चमकते, तर त्या चकतीवर टाचणीच्या टोकापेक्षा लहान एक ठिपका लुकलुकत होता. झालं. ह्यासाठी १२२ कोटी युरो (२००५ च्या दराने) आणि ३.४ किलोमीटरचा बोगदा.

जागा म्हणजे युरोपियन एक्सफेल. हॅम्बुर्गच्या बारेनफेल्ड भागात डेझी म्हणून जुनी मोठी संशोधन संस्था आहे, बोगदा तिथून सुरू होतो आणि घरांच्या, रस्त्यांच्या, शेतांच्या खालून शेनेफेल्ड ह्या शेजारच्या गावात निघतो. कुठे ६ मीटर खोल, कुठे ३८. वरती लोक आरामात झोपलेले असतात. २०१७ च्या सप्टेंबरात उद्घाटन झालं. आम्ही युजर, म्हणजे बाहेरून प्रयोग करायला येणारे लोक, शेनेफेल्डच्या टोकाला, जिथे प्रकाश बाहेर येतो तिथे. इलेक्ट्रॉन जिथून निघतात ते टोक मी आजवर बघितलेलं नाही, तिकडच्या कंट्रोल रूमशी आमचा संबंध फक्त फोनवर.

आता आम्हाला तिथे जायचं काय पडलं होतं ते. मी प्रोटीनची रचना काढणाऱ्या ग्रुपमध्ये पीएचडी करतोय. आमच्या एन्झाईमच्या मध्यभागी लोखंडाचा एक अणू आहे आणि सगळा घोळ तोच घालतो. साध्या सिंक्रोट्रॉनवर (एक्स-रे देणारं मोठं गोलाकार यंत्र) एन्झाईमचा क्रिस्टल ठेवला की एक्स-रेमुळे आधी हा लोखंडाचा अणूच बदलतो, त्याला जास्तीचा इलेक्ट्रॉन मिळतो, आणि मग आपण रचना म्हणून जी काढतो ती एन्झाईमची नसून आपण बिघडवलेल्या एन्झाईमची असते. एमएस्सीला असताना इंदूरला इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन बघायला गेलो होतो, तेव्हा तिथल्या सरांनी हे सांगितलं होतं की एक्स-रे म्हणजे पाहुणा नाही, तोडफोड करत आत येतो. तेव्हा मान डोलावली, कळलं आत्ता.

एक्स-रे लेझरची युक्ती अशी की तोडफोड व्हायच्या आत फोटो काढून मोकळं व्हायचं. झटका साधारण २५ फेम्टोसेकंदांचा. सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा १०० कोटी भाग करा, तसले पंचवीस. एवढ्या वेळात प्रकाश स्वतः साडेसात मायक्रॉन जातो, म्हणजे केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा. अणूंना जागचं हलायलासुद्धा वेळ मिळत नाही, तेवढ्यात प्रकाश क्रिस्टलवर विखुरून डिटेक्टरकडे गेलेला असतो, आणि मग क्रिस्टलचा स्फोट होतो. हे होऊ शकतं असं गणित २००० साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या लोकांनी मांडलं होतं, तेव्हा असा लेझरच जगात नव्हता. २००९ मध्ये कॅलिफोर्नियात स्लॅक ह्या संशोधन संस्थेचा एलसीएलएस हा असा लेझर सुरू झाला आणि २०११ मध्ये फोटोसिस्टिम-१ ह्या प्रोटीनच्या बारक्या क्रिस्टलवर ते करून दाखवलं गेलं. फोटो आधी, मरण नंतर.

तर तिथे लेझरचा वेळ मागायचं प्रपोजल टाकलं. पहिल्यांदा नाही मिळालं, आमचंच कच्चं होतं, क्रिस्टल धड एका मापाचे होत नव्हते. दुसऱ्यांदा मिळालं, १२ तासांच्या पाच शिफ्ट. आणि सगळ्या रात्रीच्या, कारण आमच्या बीमवर दोन इन्स्ट्रुमेंट्स असतात, दिवसा शेजारच्यांना आणि रात्री आम्हाला.

सहा महिने मी फक्त क्रिस्टल करत होतो. पाच मायक्रॉनचे, साखरेच्या पिठासारखे दिसतात मायक्रोस्कोपखाली, ट्यूबमध्ये बघितलं तर नुसतं पातळ ताक. सगळे मिळून दहा मिली जमले. हा आकडा लक्षात ठेवा.

आता लेझर चालतो कसा. मला हे पुस्तकात वाचून कधी समजलं नव्हतं, खरं सांगतो, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते तरी. कॉलेजात लेझर शिकवतात तो असा, की अणूंना ऊर्जा देऊन वरच्या पातळीवर बसवा, दोन बाजूंना दोन आरसे, प्रकाश मध्ये फेऱ्या मारतो, प्रत्येक फेरीत वाढतो. एक्स-रेला ह्यातलं एकही चालत नाही. अणू एक्स-रे देणाऱ्या पातळीवर बसतच नाहीत, फेम्टोसेकंदांत खाली पडतात, त्यांना वर धरून ठेवायला अचाट ऊर्जा लागते. अमेरिकेत १९८० च्या दशकात तर अणुबाँब फोडून त्याच्या ऊर्जेवर एक्स-रे लेझर चालवायचा प्रकल्प होता, एक्सकॅलिबर नावाचा, लेझर एकदाच चालणार आणि स्वतःही उडणार, पुढे बारगळला ते बरंच झालं. आणि दुसरं म्हणजे आरसा. एक्स-रे समोरून आरशावर टाकले तर परत येत नाहीत, आत घुसतात नाहीतर पार जातात. अगदी तिरके, पृष्ठभागाला घासून गेल्यासारखे टाकले तरच वळतात. इथले बीम वळवणारे आरसे जवळजवळ मीटरभर लांब आहेत आणि एवढ्या लांबीत दोन-तीन नॅनोमीटरसुद्धा उंचसखल चालत नाही. हिऱ्याचे स्फटिक आरसे म्हणून लावून प्रकाशाला फेऱ्या मारायला लावायचे प्रयत्न चालू आहेत, पण आम्ही वापरला तो लेझर बिनफेऱ्यांचा. एकदाच जायचं आणि त्या एका जाण्यातच मोठं व्हायचं.

मग वाढवतो कोण? अणूंतून सोडवलेले मोकळे इलेक्ट्रॉन. ही कल्पना स्टॅनफर्डच्या जॉन मेडीची, १९७१ ची.

बारेनफेल्डच्या टोकाला एका धातूच्या पट्टीवर अतिनील लेझर मारून इलेक्ट्रॉनचा पुंजका उडवतात, एका पुंजक्यात दीडशे कोटी वगैरे. मग नायोबियमच्या पोकळ्या, उणे २७१ अंशांपर्यंत थंड केलेल्या, सातशेच्या वर, एकामागे एक, दरवेळी पुंजक्याला मागून ढकलतात. आमच्या वेळी १४ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेवर चालू होता, साडेसतरापर्यंत जातो. वाटेत चुंबकांनी नागमोडी फिरवून पुंजका दाबून आखूड करतात. आणि मग येतो अंड्युलेटर. वर चुंबकांची रांग, खाली चुंबकांची रांग, उत्तर दक्षिण उत्तर दक्षिण, मध्ये काही मिलिमीटरची फट. पाच-पाच मीटरचे ३५ तुकडे, सांधे धरून दोनशे मीटरच्या वर. ह्या फटीतून इलेक्ट्रॉन डावीउजवीकडे झुलत जातात, आणि झुलणं किती, तर एका मायक्रॉनपेक्षा कमी.

झुलणारा इलेक्ट्रॉन प्रकाश देतो हे ठीक. पण चुंबकांचं एक आवर्तन चार सेंटीमीटरचं, आणि निघतो तो प्रकाश अणूएवढ्या तरंगलांबीचा, हे कसं? हे मला दुसऱ्या रात्री बीमलाईनवरच्या (बीम प्रयोगापर्यंत आणणारा भाग) बाईंनी व्हाईटबोर्डवर तीन ओळींत करून दाखवलं. इलेक्ट्रॉन इतका जोरात चाललाय की सापेक्षतेमुळे त्याच्या दृष्टीने चार सेंटीमीटर आखडून दीड मायक्रॉन होतात (भागिले सत्तावीस हजार चारशे). मग तो जो प्रकाश सोडतो तो आपल्याकडे धावत येताना सोडतो, जवळ येणाऱ्या गाडीचा भोंगा जसा चढा ऐकू येतो तसं, तिथे पुन्हा भागिले पंचावन्न हजार. झुलण्यात थोडा वेग जातो त्यामुळे पाचेक पट वाढतं, आणि उत्तर येतं सव्वा-दीड अँगस्ट्रॉमच्या आसपास, म्हणजे अणूएवढं. फट कमीजास्त केली की तरंगलांबी बदलते. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं, मी बोर्डाचा फोटो काढून ठेवलाय.

पण अजून लेझर झाला नाही. दीडशे कोटी इलेक्ट्रॉन आपापल्या लहरीत झुलतायत, प्रत्येकाचा प्रकाश वेगळ्या ठेक्यात, नुसता गोंगाट. इथे मला आमची शाळा आठवली. सांगलीकडचा आहे मी, पंधरा ऑगस्टला शाळेचं लेझीम असायचं, तालमीच्या पहिल्या दिवशी साठ पोरं आणि साठ ठेके, कानाला त्रास नुसता. मग पीटीचे सर शिट्टी मारायचे आणि हळूहळू सगळ्या लेझमा एकदम खण्ण व्हायच्या, आणि तो आवाज गावच्या वेशीपर्यंत जायचा. गणितात सुद्धा तसंच आहे, हजार जण विस्कळीत वाजवतील तर जोर हजारपट, हजार जण एका ठेक्यात वाजवतील तर जोर हजाराच्या वर्गाएवढा, म्हणजे दहा लाखपट.

अंड्युलेटरमध्ये शिट्टीवाले सर नाहीत. ही खरी गंमत आहे. इलेक्ट्रॉन प्रकाशापेक्षा कणभर मागे पडतो, आणि चुंबकांच्या एका आवर्तनात बरोब्बर एक तरंगलांबी मागे पडतो, त्यामुळे दर वळणावर त्याची आणि प्रकाशलहरीची गाठ त्याच ठिकाणी पडते. काही इलेक्ट्रॉनना लहर ढकलते ते जरा पुढे सरकतात, काहींकडून ऊर्जा काढून घेते ते मागे राहतात, आणि दोन्हीकडचे मिळून मध्ये रांगा करतात. रांगांमधलं अंतर तरंगलांबीएवढंच. रांगेतले इलेक्ट्रॉन एका ठेक्यात प्रकाश देतात म्हणून प्रकाश वाढतो, प्रकाश वाढला की रांगा आणखी घट्ट होतात, म्हणून आणखी प्रकाश. सुरुवात निव्वळ गोंगाटातून, आणि शंभरेक मीटर गेल्यावर सगळं पथक एका तालावर. तिथे सगळे ह्याला सेस (SASE) म्हणतात. १९८० आणि १९८४ मध्ये ह्याची थिअरी आली, आणि १९९२ मध्ये क्लाउडिओ पेलेग्रिनी यांनी स्लॅकच्या जुन्या ॲक्सिलरेटरवर असं काहीतरी करा असं सुचवलं. प्रत्यक्षात यायला २००९ उजाडलं.

गोंगाटातून जन्म असल्यामुळे प्रत्येक झटक्याचा स्वभाव वेगळा. आमच्या बाजूच्या कंट्रोल रूममधल्या एका स्क्रीनवर झटक्यागणिक ऊर्जा दिसते, सरळ रेघ कधीच नसते, तापाच्या चार्टसारखी वरखाली. मी पहिल्या रात्री घाबरून विचारलं की काही बिघडलंय का. बीमलाईनवरच्या बाई म्हणाल्या हा चांगला दिवस आहे.

बरं, आमच्या रात्री.

पहिली रात्र लायसोझाईमची. हे कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रोटीन, क्रिस्टल चटकन होतात म्हणून सगळे आधी ह्यावरच सेटिंग करतात. आईला फोनवर तेवढंच सांगितलं की आज अंड्यातलं प्रोटीन टेस्ट करतोय, ती म्हणाली एवढ्या लांब जाऊन अंडी. असो. ह्या रात्री हच सर्च करायला शिकलो. हच म्हणजे शिशाच्या भिंतींची खोली, जिथे प्रयोग बसवलेला असतो. बीम सोडायच्या आधी एकाने आत जाऊन कोपऱ्याकोपऱ्यात बघायचं कोणी राहिलं नाही ना, ठरलेल्या क्रमाने बटणं दाबत यायचं, दिवे लागतात, भोंगा होतो, दार बंद. क्रम चुकला की पहिल्यापासून. मी तीनदा पहिल्यापासून केलं.

दुसऱ्या रात्री आमचं ताक लावलं. पंपाने दाबून ते काचेच्या केसाएवढ्या नळीतून नोझलपर्यंत जातं, नोझलला बाजूने हेलियम वायू असतो, तो धारेला पिळून दोन-चार मायक्रॉनची बारीक करतो. ही धार निर्वात डब्यात, बीमच्या वाटेत. क्रिस्टल धारेतून वाहत येतात आणि योगायोगाने एखादा झटक्याच्या वाटेत सापडला तर सापडला. धारेचा वेग सेकंदाला काही दशक मीटर ठेवायला लागतो, कारण एका झटक्याने धारेतच स्फोट होऊन भोक पडतं आणि पुढचा झटका मायक्रोसेकंदाच्या आत येतो, तोवर भोक पुढे वाहून जायला हवं. बाजूच्या कॅमेऱ्यात हे दिसतं! पांढरी रेघ, आणि तिच्यात ठरावीक अंतरावर कात्रीने कापल्यासारख्या फटी. मी अर्धा तास तेच बघत बसलो होतो.

आणि मग रेघ वाकडी झाली, फवारा झाला आणि बंद. नोझल चोक. फिल्टर लावला होता तरी. बदलायचं म्हणजे बीम बंद, निर्वात सोडायचा, नवीन नोझल, परत निर्वात, सर्च, बटणं, भोंगा, धार जुळवा, चाळीस मिनिटं सहज. त्या रात्री सहा नोझल गेले. आमच्या प्रोफेसर बाई शांत बसून सफरचंद खात होत्या, मला ते जास्त टेन्शनचं वाटलं. पहाटे चारला लक्षात आलं की चूक माझीच, दोन वेगवेगळ्या बॅचेस मी एकत्र केल्या होत्या आणि मोठे क्रिस्टल आले होते ते दुसऱ्या बॅचमधून. बारीक फिल्टरमधून सगळं परत गाळलं, त्यात मिलीभर गेलं.

तिसऱ्या रात्री बर्फ. निर्वातात पाणी उडून जाताना थंड होतं, धार जरा कुठे खाली आपटली की तिथे बर्फ जमतो आणि खालून वर नोझलकडे वाढत येतो, तोही हळूहळू नाही, डोळ्यांदेखत, मिनिटभरात. बीमच्या वाटेत बर्फ आला तर त्याचं विखुरलेलं सगळं तेज डिटेक्टरवर जाऊन आदळेल आणि तो डिटेक्टर काही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. एक जण सतत बर्फावर नजर ठेवून, हात शटरच्या बटणावर. मी दोन ते पाच तेच काम केलं, पापणी न लवता.

आता ते दहा मिली. हा लेझर सलग चालत नाही. सेकंदाला दहा वेळा झटक्यांची एक माळ येते, माळ संपली की पुढचीपर्यंत अंधार. आपल्या लोकलसारखं समजा, सेकंदाला दहा गाड्या, गाडीत डबे खच्चून, पण गाडी प्लॅटफॉर्मवरून जायला लागतो सेकंदाचा पाच हजारावा भाग आणि बाकी वेळ रूळ रिकामे. आमच्या माळेत २०२ झटके होते. पण धार तर चालूच. म्हणजे हिशोब केला तर हजारातले ९९८ थेंब नुसतेच खाली भांड्यात गेले, त्यांच्यावर प्रकाश पडलाच नाही. मिनिटाला ३० मायक्रोलिटर, दहा मिली म्हणजे जेमतेम साडेपाच तास. सहा महिने मी जे केलं ते पाच रात्रींतले साडेपाच तास, आणि त्यातही हजारात दोन. हा हिशोब मी चौथ्या रात्री कागदाच्या नॅपकिनवर केला आणि करायला नको होता.

चौथी रात्र मात्र चांगली गेली. एक वाजल्यापासून धार सरळ, बर्फ नाही, आणि स्क्रीनवर हिट रेट एक टक्क्याच्या वर. शंभर फोटोंमधला एक क्रिस्टलचा, बाकी नुसत्या पाण्याचे. सेकंदाला दोन हजार फोटो पडतायत म्हणजे सेकंदाला वीस क्रिस्टल. डिटेक्टरच्या मधोमध चौकोनी भोक असतं, त्यातून न विखुरलेला बीम निघून जातो, आणि त्याच्याभोवती काळ्यावर पांढरे ठिपके, प्रत्येक फोटोत वेगळे, कारण प्रत्येक क्रिस्टल वेगळ्या अंगाने आलेला. आणि हा ठिपक्यांचा फोटो ज्याचा आहे तो क्रिस्टल आता ह्या जगात नाही, असं दर वेळी मनात यायचं. बाकीचे म्हणाले कॉफी पी.

पाचव्या रात्री साडेतीनला ताक संपलं. दीड मिली वाचवून ठेवलं होतं ते पण गेलं. मी पंप बंद करायला निघालो तर प्रोफेसर बाई म्हणाल्या नुसतं बफर सोड, बॅकग्राऊंड घेऊन ठेवू. मग उजाडेपर्यंत लेझर नुसत्या मिठाच्या पाण्यावर.

परत येऊन दोन महिने डेटा. शंभर टेराबाईटच्या वर आहे, तो घरी आणत नाहीत, तिथल्याच कॉम्प्युटरवर ठेवून इथून काम करायचं. क्रिस्टएफईएल नावाचं सॉफ्टवेअर आहे, डेझीतच बनवलेलं, ते प्रत्येक फोटोतला क्रिस्टल कोणत्या अंगाने होता ते शोधतं आणि सगळे एकावर एक रचतं. लाखाच्या वर हिट, त्यातले साठएक हजार कामाचे निघाले. लोखंडाचा अणू जागेवर, शेजारचं पाणी जागेवर, बिघडलेलं काही नाही, हे बघून मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. पण त्याला चिकटायला म्हणून जो रेणू आम्ही भिजवला होता तो अर्ध्याच क्रिस्टलमध्ये बसलाय, अर्ध्यात नाही, त्यामुळे सगळे एकावर एक ठेवले की तिथे नुसता धूसर ढग दिसतो. तो रेणू आहे हे मला दिसतं, पण पेपर तपासणाऱ्याला दिसेल का, शंका आहे. जास्त वेळ भिजवायला हवं होतं. पुढच्या प्रपोजलची तारीख बोर्डावर लिहून ठेवलीय.

आईने रविवारी विचारलं, आला का रे तो फोटो?

म्हटलं आला, पण मेन माणूस हललाय.

"मग परत काढा की."

"त्याच क्रिस्टलचा नाही निघत गं, ते फुटले सगळे. सगळं नव्याने करायला लागणार."

"मग कर नव्याने. अंडी काय महाग झालीत का तिकडे?"